वासाला वाट

"मगे मी हय आत मेलंय, तरी भायर कोणाक कळाचा नाय," रखमाकाकी म्हणाली, आणि सगळे हसले.

हसण्यासारखंच होतं ते. काळाचौकीची सातेरी चाळ पाडून तिच्या जागी रहिवासी स्वतःच्या हिमतीवर नवी इमारत उभारत होते, आणि सगळं बांधकाम सुरू करण्याआधी आवाराच्या कोपऱ्यात एक घर नमुन्यादाखल बांधलं होतं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि बाहेर गॅलरीचा एवढासा तुकडा. आत ओट्याशी आकांक्षाची आई, सीमा, उभी होती, पदर खोचून, शेगडीवर खारा बांगडा भाजत. बाहेर गॅलरीत चाळीतली माणसं नाकं वर करून उभी होती, आणि कुणाच्याही नाकाला काही लागत नव्हतं. ओट्यामागच्या फटीतून धूर सुळकन आत शिरत होता आणि उन्हाने तापलेल्या धुराड्यातून वर, पार गच्चीच्या वर निघून जात होता. पंखा नाही, वीज नाही, नुसतं ऊन आणि हवा. सोसायटीचा सेक्रेटरी हितेंद्र तर लहान मुलासारखा एकदा आत जाऊन बांगडा बघून आला आणि एकदा बाहेर येऊन हुंगून गेला. "मानलं आकू तुला! आत बांगडा, बाहेर बागबगीचा! टॉवरमध्ये पण नाय असलं!" आणि तेवढ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीत पाय सोडून बसलेल्या रखमाकाकीने ते वाक्य टाकलं. काकीचं असंच. दहा जणांचं कौतुक ऐकून घ्यायची आणि मग डाळीत खडा टाकावा तसं काहीतरी बोलायची.

आकांक्षाही हसली. घर तिने आखलेलं, धुराडं तिचं, कौतुक तिचं. फक्त भिंतीवर टेकलेला तिचा हात हसताना जरा जास्त टेकला. भिंत उन्हात असूनही गार होती. पाडलेल्या चाळीचंच डेब्रीज भरडून, त्यात माती आणि चुना घालून यंत्रात दाबलेल्या विटा होत्या त्या, आणि मुद्दाम गिलावा न करता तशाच ठेवलेल्या. जवळून पाहिलं तर त्यांत रंगाचे कण दिसत, जोंधळ्याएवढे, तिळाएवढे. पोपटी ऑइलपेंट होता तो मांजरेकरांच्या खोलीचा, गुलाबी तो रखमाकाकीचा, आणि आकाशी, फिका, म्हणजे त्यांचा स्वतःचा. दर गणपतीच्या आधी बाबा एक डबा आणायचे आणि तो नेहमी थोडा कमी पडायचा, म्हणून कॉटमागची भिंत वर्षानुवर्षं अर्धीच रंगलेली राहिली. विटा पहिल्यांदा आल्या तेव्हा माणसं आपापला रंग शोधत भिंतीवर बोटं फिरवत होती. "ही बघ आमची भिंत!" "नाय हो, ती आमची, तुमची मेंदी होती." तेव्हा आकांक्षाला वाटलं होतं, जमलं. चाळ मोडून चाळीतूनच घर उगवलं, जुन्या साडीची गोधडी शिवावी तसं. आता बोटाखाली एक आकाशी कण लागला आणि तिला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं, आता हसण्याशिवाय, कोरडं. मी आत मेले तरी.

"सोमवारी भिंतींना हात घालायचा," हितेंद्र म्हणाला. "ड्रॉइंग फायनल ना?"

"फायनल," ती म्हणाली. आणि आईच्या हातातली पिशवी घेऊन चालू लागली.

आई टॅक्सी करू देत नाही. लालबागमधून चालत गेलं की मसाल्याच्या गिरण्या लागतात, आणि त्यांच्यासमोर आईचं पाऊल आपोआप मंद होतं. आताही झालं. आत मिरच्या कुटल्या जात होत्या, धण्याची ऊब रस्त्यावर आली होती, आणि कुठलीशी बाई ओढणी नाकाला लावून हसत हसत खोकत होती. "या बाईच्या मिरच्या अजून भाजून व्हायच्यात," आई म्हणाली, दुकानाकडे न बघता. "कच्च्या कुटतायत. वास बघ कसा हिरवा येतोय." आकांक्षाला वासाचा हिरवेपणा कळला नाही. तिला खोकला आला तेवढा. तिने खिशातला रुमाल नाकाला लावला, आणि रुमाल लावता लावता तिला शाळेतला बाक आठवला.

दादरची शाळा. बाकावर शेजारी मेघना नावाची मुलगी, दोन वेण्या, वहीला खाकी कव्हर, डब्यात रोज काहीतरी पांढरं आणि मऊ. चाळीत स्वयंपाक मागच्या खोलीत आणि कपड्यांची दोरीही तिथेच, त्यामुळे आईने सकाळी बांगडा भाजला की तो युनिफॉर्मच्या कॉलरमध्ये जाऊन बसायचा. मेघना कधी काही बोलली नाही. चिडवलं असतं तर आकांक्षाने चांगल्या दोन दिल्या असत्या, काळाचौकीची पोर ती. पण मेघना फक्त सरकली. बाकावर बोटभर पलीकडे, मग वितभर, अगदी सभ्यपणे, जणू तिला खिडकीजवळचा उजेड हवा होता. त्या वितभर मोकळ्या लाकडावर कुणीतरी कंपासने कोरलेलं एक फूल होतं, ते आकांक्षाला अजून काढून दाखवता येईल. घरी येऊन ती आईवर चिडली, कपडे गॅलरीत वाळत घाल म्हणून रडली, आणि दोन दिवस जेवताना नुसता वरणभात खाल्ला. पुढे वास्तुकलेच्या कॉलेजात पहिल्या वर्षी विषय निवडायला सांगितला तेव्हा तिने हवा निवडली. घरातून हवा कशी जाते, कशी येते, ऊन तिला कसं वर ओढतं. सगळ्यांना वाटलं पर्यावरणाची आवड आहे पोरीला. आवड पुढे झालीच. मातीवर, चुन्यावर, जुन्या लाकडावर तिचा जीव जडला. पण मुळाशी ते वितभर लाकूड होतं, आणि चाळीच्या मीटिंगमध्ये उभी राहून "कुणाच्या घरचा वास कुणाच्या घरात जाणार नाही" असं तिने सांगितलं तेव्हा तिचा आवाज इतका खरा लागला, की म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही हात वर केले.

परळला त्यांचा फ्लॅट एका जुन्या गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये होता, वर, खूप वर, जिथून समुद्राचा एक राखाडी तुकडा दिसायचा. बाबा गेल्यावर आकांक्षाने आईला इथे आणलं होतं. पण नवी इमारत झाली की आई तिथे परत जाणार होती. एकटी. हे आईने कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं. "माझी खोली आहे ती. तू ये रविवारची, जेवायला." आकांक्षाने विरोध केला नव्हता. उलट प्रत्येक रेघ ओढताना तिच्या डोळ्यांपुढे आईच होती. ओट्याची उंची आईच्या कोपराची, मोरीची पायरी आईच्या गुडघ्याची. तिला वाटायचं, आपण आईला घर शिवून देतोय, अंगाबरोबर.

संध्याकाळी ती लॅपटॉप उघडून बसली, सोमवारच्या ड्रॉइंगवर शेवटची नजर टाकायला. आत आईचा वावर ऐकू येत होता. दुपारचा एक बांगडा उरला होता, तो आई पेजेबरोबर गरम करणार होती. आधी हॉलची खिडकी सरकल्याचा आवाज आला. मग बेडरूमची. मग आई मोरीत गेली, नळ वाजला, आणि ओला टॉवेल पिळून ती मुख्य दाराशी आली. खाली बसली. गुडघ्यावर एक हात टेकून, सावकाश. आणि टॉवेलची वळी करून तिने दाराखालच्या फटीत दाबून बसवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, करंजीला मुरड घालावी तशी निगुतीने. मग उठून उदबत्ती लावली. मग गॅस.

"हे काय करतेस आई?"

"काय? काय नाय. भाजतेय."

"टॉवेल कशाला?"

"असू दे गं. समोरचे लोक चांगले आहेत. उगाच कशाला त्यांना." आई चिमट्याने बांगडा उलटत म्हणाली. "लिफ्टमध्ये कायतरी चिठ्ठी लावलेली एकदा. आपल्यालाच असं नाय, सगळ्यांनाच. पण आपण समजून घ्यावं."

"कधीपासून करतेस?"

"आल्यापासनं."

 आकांक्षाला राग आला होता, पण त्याला तोंड सापडेना. समोरच्यांचा की चिठ्ठीचा की आपलाच, की इतकी वर्षं एका घरात राहून कधी न दिसलेल्या ओल्या टॉवेलचा? ती रोज यायची तोवर सगळं आवरलेलं असायचं, उदबत्तीचा गोड वास असायचा, आणि ती म्हणायची, किती प्रसन्न वाटतं घरात. आई सरकली होती. बाकावर बोटभर, मग वितभर. पण ती दुसऱ्यापासून सरकली नव्हती, दुसऱ्यांसाठी स्वतःपासूनच सरकली होती. आणि आता ती जिथे परत जाणार होती तिथे टॉवेलची गरजच नव्हती. तिथे टॉवेल आकांक्षाने भिंतीतच बांधून दिला होता, मातीचा, चुन्याचा, पर्यावरणपूरक.

ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली. खाली दिवे लागत होते. भोईवाड्याच्या बाजूला कुठेतरी ढोलाचा सराव चालला होता, आणि त्याचा आवाज वर येईपर्यंत कापसासारखा होत होता. कठड्याशी आईची तुळस होती, पातेल्यात लावलेली. चांगल्या कुंड्या आणून दिल्या तरी आईने ते पातेलं सोडलं नव्हतं. बुडाशी काळंकुट्ट, किती घासलं तरी न निघालेलं. आकांक्षाने नकळत त्या काळ्यावर बोट फिरवलं, दुपारी भिंतीवर फिरवलं तसं. आणि आतून खाऱ्या बांगड्याचा वास आला, भिडणारा, बंद खिडकीलाही न जुमानणारा, आणि त्या दोन्हींच्या मधोमध तिला एकदम रखमाकाकी पळताना दिसली.

खरं तर तिने ते पाहिलं नव्हतं, ती शाळेत होती. पण चाळीत ती गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली, की तिच्या डोळ्यांना ती पाठ होती. भर दुपार. बाबा पाळीवर. आई भात टाकून वळली आणि मोरीच्या कट्ट्यापाशी कोसळली. शेगडी चालू. तीन दारं सोडून रखमाकाकी तांदूळ निवडत बसलेली, तिच्या नाकाला करपलेलं लागलं. कुणाच्याही घरात भात करपतो, त्यात काय एवढं? पण काकीने एकदाच हुंगलं आणि सूप टाकून धावली. मागाहून लोक विचारायचे, काकी, तुला कळलं कसं? त्यावर काकीचं उत्तर ठरलेलं असायचं. "सीमाच्या चुलीसून वास येय होतो. आनि सीमा काय भात करपवणारी बाईल न्हय!" म्हणजे नाकाने आधी घर ओळखलं, मग हात ओळखला, मग त्या हाताला काहीतरी झालंय हे ओळखलं. दार उघडंच होतं. चाळीत दिवसाउजेडी दार लोटलेलं असलं तर लोक विचारायला यायचे, काय झालं म्हणून. काकीने आईला उचललं, डॉक्टर आला, आणि त्यानंतर आईच्या वाट्याला आलेली सगळी वर्षं, आकांक्षाची दहावी, कॉलेज, तिने पहिल्या पगारातून आईला घेतलेली मोरपंखी साडी, हा समुद्राचा राखाडी तुकडा, ही सगळी एका म्हाताऱ्या बाईच्या नाकाने ओवाळून दिलेली वर्षं होती.

आणि आपल्याला हे कसं आठवलं नाही? पातेलं आठवत होतं. त्या दिवशी शाळेतून आल्यावर गॅलरीत उपडं घातलेलं काळं पातेलं, ते चिंचेने घासत बसलेल्या बायका, त्यांची कुजबुज. मनाने त्या दिवसातून वास तेवढा वगळून ठेवला होता, कारण वासासाठी तिथे आधीच एक बाक होता, एक फूल होतं, एक सरकलेली मुलगी होती. एकच वास. एका माणसाला त्याने दूर केलं आणि एका माणसाला धावत आणलं. तिने आयुष्यभर पहिल्याच माणसासाठी घरं बांधली.

आत आई पेज ओतत होती आणि सवयीने काहीतरी गुणगुणत होती. तिच्या गावच्या बायका जात्यावर म्हणायच्या तसलं, अर्धं आठवणीतलं, अर्धं तिने जुळवलेलं:

*शेजी गं माझी बाई, भिंतीपल्याड कांडते*
*तिच्या मुसळाच्या तालावरी, माझी पहाट उजाडते*

आकांक्षा आत आली. दाराशी बसली. आणि फटीतला टॉवेल तिने ओढून काढला.

"अगं, वास जाईल बाहेर!"

"जाऊ दे."

"वेडी आहेस? समोरचे..."

"विचारायला आले तर सांगू, जेवतोय म्हणून." तिने दारही उघडलं आणि चप्पल अडकवून ठेवली. दोघी पेज जेवायला बसल्या. आईचं अर्धं लक्ष दाराकडे, अपराध्यासारखं. लिफ्ट आली, कुणीतरी बाहेर पडलं, पावलं क्षणभर थबकली. मग गेली. एक दार लागलं. आले कुणीच नाही, ना तक्रार करायला, ना हाक द्यायला. आई हळूच म्हणाली, "बघ, कोण काय बोललं नाय." तिला त्यात दिलासा वाटला होता. आकांक्षाने मात्र ओट्याकडे पाहिलं. आईने वाढताना तिसरी वाटी काढून ठेवली होती. बांगडा भाजला की एक तुकडा शेजारी जातो, ही हाताची सवय होती, आणि हाताला अजून कुणी सांगितलं नव्हतं की इथे शेजार नाही. वाटी रिकामीच होती, पालथी घालायची राहिलेली.

रविवारी तिने हितेंद्रला साइटवर बोलावलं. नमुन्याच्या घरात ओट्यालगतच्या, गॅलरीकडच्या भिंतीतून गवंड्याने तोवर विटा काढल्या होत्या. उभ्या माणसाचा चेहरा मावेल एवढी जागा, आणि आरपार दिसणारी गॅलरी.

हितेंद्र बघतच राहिला. "हे काय? फोडलीस कशाला?"

"जाळी बसवायचीय. जुन्या कठड्याचं सागवान ठेवलंय ना ताडपत्रीखाली, त्याचीच."

"आणि वास?"

"येईल."

"येईल?" हितेंद्रने कपाळावर हात मारला. "आकू, तूच बोललेलीस ना मीटिंगमध्ये, येणार नाय म्हणून! मी घरोघर जाऊन सांगितलंय. लोक मला विचारणार ना, तुला थोडंच!"

"मी सांगते सगळ्यांना. चुकलं म्हणून."

"काय चुकलं? परवा टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी!"

"काकीने नव्हत्या वाजवल्या."

"काकीचं काय घेऊन बसलीस? ती गणपतीच्या सजावटीला पण नावं ठेवते." तो खुर्चीत बसला, चष्मा काढून पुसू लागला, आणि मग खालच्या आवाजात म्हणाला, "माझी शेफाली मैत्रिणींना घरी आणत नाय, माहितीये? सगळ्या मैत्रिणी बाहेर भेटतात. विचारलं तर म्हणते, पप्पा, घरात वास येतो. मी तिला सांगितलंय, नव्या घरात बोलव. आता काय सांगू?"

आकांक्षाला एकदम तो लहान दिसला, चाळीच्या जिन्यात बसणारा हितू, ज्याच्या डब्यातली सुकटीची चटणी ती मधल्या सुट्टीत गुपचूप खायची, कारण स्वतःच्या डब्यात ती आणायची नाही. "मी पण नव्हते आणत मैत्रिणींना," ती म्हणाली. "म्हणून तर ते धुराडं काढलं मी. शेफालीसाठीच समज." मग तिने त्याला पातेल्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. पण ती त्यालाही पाठ होती. अर्ध्यावरच त्याने मान डोलावली. डॉक्टरला बोलवायला त्याचाच बाप धावला होता.

मग त्याने त्या भोकातून पलीकडे पाहिलं. रस्त्यावर मंडळाची पोरं मांडवाचे बांबू उतरवत होती. "आई एकटी राहणार इथे?" त्याने विचारलं.

"हो."

"हं." आणि मग अचानक सेक्रेटरीच्या आवाजात, "धुराडं काढून नको टाकू पण. दोन्ही ठेव. आणि जाळीला आतून झडप दे. ज्याला उघडायची तो उघडेल, ज्याला लावायची तो लावेल. शेफालीच्या मैत्रिणी आल्या की लावू."

झडप. एवढं साधं तिला सुचलं नव्हतं. ती रागाच्या भरात भिंत फोडून बसली होती. "आतून," ती म्हणाली. "कडी आतून. बाहेरच्याला लावता येणार नाही."

"ते ओघानेच आलं," हितेंद्र म्हणाला. "पण मीटिंगमध्ये चुकलं म्हणायला तू उभी राहायचं."

सोमवार टळला. मीटिंगमध्ये ती उभी राहिली, दोघंतिघं रागावले, एकाने "आर्किटेक्टचं रोज नवीन" म्हणून टोमणा मारला, आणि झडप आहे हे ऐकून बाकीचे निवळले. सुताराने सागवान रंधलं तेव्हा आतून मधासारखा रंग निघाला, पण वरच्या पट्टीला त्याने हात लावला नाही, कारण आकांक्षाने लावू दिला नाही. तिथे इतक्या वर्षांच्या कोपरांनी, हातांनी, वाळत टाकलेल्या टॉवेलांनी लाकूड असं गुळगुळीत केलं होतं, की तसं कुठल्याच रंध्याने केलं नसतं.

जाळी बसली त्या दिवशी कुणाला बोलावलं नव्हतं. सकाळचं ऊन होतं. आईने पिशवीतून खारा बांगडा काढला, कागद सोडला, शेगडी पेटवली. तिने आधी सवयीने इकडेतिकडे पाहिलं, बंद करायला काही आहे का म्हणून. मग जाळीच्या झडपेवर हात ठेवून लेकीकडे पाहिलं.

"उघडू?"

"तुझं घर आहे," आकांक्षा म्हणाली.

आईने झडप उघडली. धूर एकदा धुराड्याकडे वळला, अर्धा तिकडे गेला, आणि अर्धा, जणू जुनी वाट आठवून, जाळीतून गॅलरीत उतरला. आकांक्षा बाहेर येऊन उभी राहिली. वास आला. कॉलरला चिकटणारा, खारट, कडवट, समुद्राच्या पोटातला. ती सरकली नाही. तिने विटांवर पाठ टेकली आणि तो अंगावरून जाऊ दिला, आवार ओलांडून, वाळूच्या ढिगावरून, गेटाकडे. गेटापाशी सावलीला रखमाकाकी बसली होती, डोळे मिटून, नेहमीसारखी. इमारत झाल्यावर ती इथे राहायला असेल की नाही कुणास ठाऊक. तिने डोळे उघडले नाहीत. नाक तेवढं वर झालं.

"कोण गो थंय खारो बांगडो भाजता?" तिने खणखणीत हाक दिली.

जाळीआड आईचा चेहरा आला. पट्ट्यापट्ट्यांतून दिसणारा, घामेजलेला, हसरा. टॉवरमध्ये आल्यापासून आकांक्षाने ऐकला नव्हता अशा आवाजात ती ओरडली, "मी गे, सीमा! जित्ती आसंय!"

"जित्ती आसस तर मगे उलटून घाल तो!" काकी तिकडून कडाडली. "एका बाजूक करपलो!"

आईने दचकून शेगडीकडे पाहिलं. आणि घाईघाईने चिमटा उचलला.